बांधून ठेवलेले अंक

दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा मला एक सूचना केली. "दर वर्षी या सदरात तुम्ही कुठल्या ना कुठल्या जुन्या वस्तूवर लिहिता. यंदा बुद्धिबळावर लिहा की! आपली सगळी मुलं खेळतात." खरंच खेळतात. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश जगज्जेता झाला, जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेतसुद्धा मुलांच्या फोनवर डाव चालू असतात. पण मी पडलो बेताचा खेळाडू. आठ-नऊ वर्षांची पोरं मला वीस खेळींत गुंडाळतात आणि वर "काका, अजून एक?" असं विचारतात. तेव्हा कसं खेळावं हे मी सांगणं बरं नव्हे. मी सांगू शकतो ते माझ्या घरातल्या दोन कपाटांबद्दल.

गेली वीस-बावीस वर्षं मी बुद्धिबळाची जुनी मासिकं जमवतो. आमची सौ. त्यांना "तुमची रद्दी" म्हणते, आणि भारतातून पाहुणे आले की "त्या कपाटाबद्दल यांना विचारू नका, जेवण गार होईल" असा इशारा आधीच देऊन ठेवते. खेळ फारसा येत नसला तरी ही मासिकं वाचता येतात, हे त्यांचं वैशिष्ट्य. त्यांत डाव तर असतातच. शिवाय गप्पा असतात, भांडणं असतात, थकलेल्या वर्गणीच्या आठवणी, श्रद्धांजल्या, जाहिराती आणि वाचकांची न संपणारी पत्रं असतात. थोडक्यात, आपल्या मंडळाच्या अंकात जे असतं तेच.

बुद्धिबळाला सुमारे दीड हजार वर्षांचा इतिहास आहे आणि तो भारतात सुरू होतो, हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्यातल्या पहिल्या तेराशे वर्षांत खेळले गेलेले किती डाव आज पहिल्या खेळीपासून शेवटच्या खेळीपर्यंत वाचायला मिळतात? फारच थोडे. डाव हा मैफलीसारखा असतो. उठलो की संपला. कोणीतरी शेजारी बसून खेळी लिहून घेतल्या तरच तो उरतो. १८३४ साली लंडनमध्ये फ्रान्सचा ला बूर्दोने आणि आयर्लंडचा मॅकडॉनल यांच्यात तब्बल ८५ डाव झाले. ते आज आपल्याला माहीत आहेत याचं श्रेय क्लबचे चिटणीस विल्यम ग्रीनवुड वॉकर यांना आहे. हे गृहस्थ पटाजवळ बसून खेळी टिपून घेत राहिले. प्रत्येक मंडळात असा एक चिटणीस असतो. तो फोटोत दिसत नाही, कारण तो फोटो काढत असतो.

दोन वर्षांनी, १८३६ मध्ये, याच ला बूर्दोनेनं पॅरिसमध्ये 'ल पालामेद' नावाचं मासिक काढलं. निव्वळ बुद्धिबळाला वाहिलेलं हे जगातलं पहिलं मासिक. पालामेद हा ग्रीक पुराणकथांमधला एक वीर. बुद्धिबळाचा शोध त्यानं लावला असं तेव्हा युरोपात सांगत. (आपण काय म्हणायचं ते आपण म्हणूच.) हे मासिक १८३९ मध्ये थांबलं आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८४० मध्ये, त्या काळचा हा सर्वश्रेष्ठ खेळाडू लंडनमध्ये अत्यंत गरिबीत वारला. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत तो पुरला आहे, आणि त्याचा प्रतिस्पर्धी मॅकडॉनलही तिथेच आहे. मासिक काढून कोणी श्रीमंत झालं नाही, हा धडा पहिल्याच मासिकानं घालून दिला.

लंडनमध्ये १८३७ साली जॉर्ज वॉकर या दुसऱ्या वॉकरनं 'फिलिडोरियन' काढलं. ते सहा अंकांत आटोपलं. मग १८४१ मध्ये हॉवर्ड स्टॉन्टनचं 'चेस प्लेअर्स क्रॉनिकल' आलं आणि इंग्रजीत पहिल्यांदा अशा मासिकानं पाय रोवले. स्टॉन्टन हे नाव आपल्या मुलांनाही नकळत माहीत आहे, कारण स्पर्धांमध्ये वापरतात ते मोहरे 'स्टॉन्टन' घडणीचे. ते १८४९ मध्ये बाजारात आले. बर्लिनच्या मंडळानं १८४६ मध्ये स्वतःचं मासिक सुरू केलं, तेच पुढे 'डॉइचे शाखत्साइटुंग' झालं आणि दुसऱ्या महायुद्धानंतरचा खंड सोडला तर १९८८ पर्यंत चाललं. न्यूयॉर्कमध्ये १८५७ साली विलार्ड फिस्क यांनी 'चेस मंथली' काढलं, आणि पुढे त्यांचा जोडीदार संपादक झाला विशीतला पॉल मॉर्फी.

यातली गंमत लक्षात आली का? खेळाडू आणि संपादक ही एकच माणसं. १८४३ मध्ये पॅरिसच्या काफे द ला रेजांसमध्ये स्टॉन्टन आणि सेंट-आमां यांचा प्रसिद्ध सामना झाला. त्यात स्टॉन्टन जिंकला. एक लंडनच्या 'क्रॉनिकल'चा संपादक, तर दुसऱ्यानं 'ल पालामेद' पुन्हा सुरू केलेलं. पुढे १८८६ मध्ये ज्या सामन्याला पहिलं अधिकृत जगज्जेतेपद मानतात, तो स्टाइनिट्झ आणि झुकरटोर्ट यांच्यात झाला. झुकरटोर्ट लंडनच्या 'चेस-मंथली'चा जोडसंपादक होता आणि स्टाइनिट्झ न्यूयॉर्कहून 'इंटरनॅशनल चेस मॅगझिन' काढत होता. म्हणजे पटावर हरलं तरी छापखान्यात परतफेड करण्याची सोय. स्टाइनिट्झच्या मासिकात 'पर्सनल अँड जनरल' नावाचं एक सदरच होतं. त्यात तो एकेका टीकाकाराला असा सोलून काढी की आपल्याकडच्या जुन्या साहित्यिक वादांची आठवण यावी. हे मासिक १८८५ ते १८९१ अशी सात वर्षं चाललं. ते बंद झालं तेव्हा स्टाइनिट्झ अजून जगज्जेता होता. १९०० साली तोही विपन्नावस्थेत गेला.

मग टिकलं कोणतं? इथे आम्हा यॉर्कशरवाल्यांची कॉलर ताठ होते. लीड्सहून आगगाडीनं अर्ध्या तासाच्या आत येणारं हडर्सफील्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. तिथे मुलांची एक शाळा होती, हडर्सफील्ड कॉलेज. त्या शाळेचं नियतकालिक १८७२ मध्ये सुरू झालं. शाळेच्या अंकात जे असायचं ते त्यात होतं. त्याच्या जोडीला बुद्धिबळाची काही पानं होती, आणि ती बघत होते गावातले जॉन वॉटकिन्सन. हळूहळू झालं असं, की शाळेशी काडीचा संबंध नसलेले लोक दुरून वर्गणी पाठवून तो अंक मागवू लागले, ते केवळ त्या पानांसाठी. १८८० मध्ये शाळेचा अंक थांबला आणि जानेवारी १८८१ मध्ये वॉटकिन्सन यांनी 'ब्रिटिश चेस मॅगझिन' सुरू केलं. ते आजही निघतं. दोन महायुद्धं झाली, कागदाची टंचाई झाली, अंक रोडावले. पण खंड पडला नाही. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क इथल्या नामवंत जगज्जेत्यांची मासिकं मावळली आणि एका शाळेच्या अंकाचं पिल्लू जगातलं सर्वांत जुनं चालू मासिक ठरलं.

कारण काय असावं? वीस वर्षं अंक चाळून माझं मत असं झालं आहे: बाकीची मासिकं एकेका मोठ्या माणसाची होती. तो माणूस थकला, भांडला, कर्जात बुडाला की मासिक संपलं. हडर्सफील्डचं मासिक क्लबांचं होतं. कुठल्या गावानं कुठल्या गावाला हरवलं, कोण नवा चिटणीस झाला, कोणाच्या घरी चहा झाला, हे सगळं त्यात येई. संपादक बदलले तरी मासिक पुढे जाई. १८९४ पासून १९२० पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, लीड्सच्या आयझॅक ब्राउन यांनी ते सांभाळलं. ते जगज्जेते नव्हते. ते दर महिन्याला अंक काढत, एवढंच. आणि तेच अवघड असतं, हे आपल्या संपादक मंडळाला विचारा.

आता जमवण्याविषयी थोडं. नवशिक्याला वाटतं, जुनं म्हणजे महाग आणि बांधीव म्हणजे उत्तम. तसं नाही. ही मासिकं महिन्याला पातळ रंगीत कागदाच्या वेष्टनात येत. पानांचे क्रमांक जानेवारी ते डिसेंबर सलग चालत आणि वर्षअखेरीला मुख्य पान व सूची येई. वर्गणीदार मग बारा अंक बाइंडरकडे नेई. बाइंडर पहिलं काम काय करी, तर वेष्टनं आणि जाहिरातींची पानं काढून फेकून देई. पुठ्ठ्यात फक्त 'मजकूर' जाई. म्हणून बांधलेले वार्षिक खंड बऱ्यापैकी मिळतात, पण वेष्टनासकट सुटे अंक दुर्मीळ. आणि खरी मजा त्या वेष्टनावर असते: अंकाची किंमत, छापखान्याचा पत्ता, कोणता क्लब कोणत्या वारी कुठल्या कॉफीगृहात भरतो, पट आणि घड्याळं विकणारे कोण, पुढच्या महिन्यात काय येणार. मजकूर म्हणून जे जपलं ते दुसरीकडेही सापडतं. कचरा म्हणून जे काढून टाकलं ते कुठेच सापडत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. माझ्याकडचे १८४०-५० मधले खंड आजही दुधासारखे नसले तरी सायीसारखे आहेत, कारण तेव्हाचा कागद चिंध्यांपासून बनत असे. त्यानंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात राहिलेलं आम्ल कागदाला आतून खातं. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा अंक पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या अंकापेक्षा जास्त पिवळा आणि ठिसूळ असतो. पान उलटताना कोपरा तुटून हातात येतो. अशा अंकांना मी सपाट ठेवतो, उन्हापासून आणि रेडिएटरपासून लांब, आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून. चिकटपट्टी लावायची नाही, कधीच नाही.

तिसरी, आकृत्यांची. पटाची प्रत्येक आकृती खिळे जुळवून छापत. सहा प्रकारचे मोहरे, दोन रंग, आणि घरंही दोन रंगांची, झाले चोवीस. रिकाम्या घरांचे दोन. अशा सव्वीस प्रकारच्या खिळ्यांतून चौसष्ट खिळे निवडून एक पट उभा करायचा. जुळाऱ्याचा हात एका घरानं चुकला की कोडं सुटेनासं होई, जाणकार वाचकांची पत्रं येत आणि पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी लागे. मी खंड विकत घेताना अशा दुरुस्त्या आधी शोधतो. कारण त्या वाचून आधीच्या मालकानं आकृतीत पेन्सिलीनं बदल केला असेल, तर समजायचं की हा माणूस खरोखर वाचत होता.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे वळतो. या परदेशी मासिकांत आपण कुठे आहोत?

फेब्रुवारी १८४५ च्या 'क्रॉनिकल'मध्ये एक कोडं छापलं गेलं. चार खेळींत मात. पाठवणारा दिल्लीचा, आणि सही काय, तर 'शागीर्द'! त्या कोड्यानं युरोपभरच्या जाणत्यांना घाम फोडला. त्यातली युक्ती अशी: पांढरा उंट एका विशिष्ट घरावरून पलीकडे जातो, मग हत्ती येऊन नेमका त्याच घरात, उंटाच्या वाटेत, बसतो. स्वतःच्याच उंटाची वाट अडवायची, हे वेडेपणाचं वाटतं. पण त्यामुळे कोंडलेल्या काळ्या राजाला एक पाऊल टाकायला जागा मिळते आणि डाव बरोबरीत अडकत नाही. राजानं ते पाऊल टाकलं, की हत्ती वाटेतून दूर होतो आणि मात होते. ही कल्पना पुढे 'इंडियन थीम' म्हणून कोडी रचणाऱ्यांच्या परिभाषेत कायमची बसली. शागीर्द कोण होता? दिल्लीतला इंग्रज पाद्री, हेन्री ऑगस्टस लव्हडे. हे कोडं गाजल्यानंतर तीनच वर्षांनी, १८४८ मध्ये, तो तरुणपणीच वारला. इंग्रजांच्या मासिकात सही करायला त्यानं आपल्या शिकवणी-तालमीतला शब्द घेतला, हे मला फार गोड वाटतं.

दुसरा माणूस पुरता आपला. कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, त्या काळातल्या बलाढ्य खेळाडूंपैकी एक. १८४८ च्या सुमारास कलकत्त्याच्या क्लबला पत्ता लागला, की मोफसलात एक ब्राह्मण गृहस्थ आहेत आणि ते म्हणे कधी हरलेच नाहीत. ते महेशचंद्र बॅनर्जी. त्यांना आणून कॉक्रेनसमोर बसवलं गेलं. सुरुवातीला ते हरले, पण नंतर दोघं वर्षानुवर्षं खेळत राहिले. महेशचंद्र देशी पद्धतीत वाढलेले. त्या खेळात प्यादं पहिल्याच खेळीत दोन घरं उडी मारत नाही, एकेक घर चालतं. त्यामुळे मधला भाग घाईनं काबीज न करता, उंट कोपऱ्यातून लांबून रोखायचा आणि मग प्रतिस्पर्ध्याचा मध्य फोडायचा, अशी त्यांची चाल. युरोपीय जाणकारांना ती विचित्र वाटे. आज जगातले अनेक अव्वल खेळाडू 'किंग्ज इंडियन' किंवा 'ग्रुनफेल्ड' बचाव खेळतात, त्यांची पाळंमुळं महेशचंद्रांच्या डावांत दिसतात. ग्रुनफेल्डनं आपल्या नावाचा बचाव रूढ केला तो १९२२ मध्ये. महेशचंद्र तशीच मांडणी १८५५ मध्ये खेळले होते.

हे आपल्याला कशामुळे कळतं? कॉक्रेननं डाव लिहून ठेवले, कलकत्त्याहून पत्रं गेली, आणि १८५० च्या 'क्रॉनिकल'मध्ये ती छापली गेली म्हणून. बचावाला 'इंडियन' हे नाव मिळालं. त्यात महेशचंद्रांचं नाव नाही, पण निदान देशाचं तरी आहे.

आता मनात येतं ते असं. महेशचंद्र बंगालच्या मोफसलात होते, तसे आपल्या सांगलीत, पुण्यात, नागपुरात, तंजावरात किती असतील? खेळ तर घराघरांत होता. आपल्याकडे छपाई नव्हती असंही नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक १८१४ मध्येच मुंबईत इंग्रजीत छापलं गेलं, मूळ संस्कृतावरून. म्हणजे पॅरिसच्या पहिल्या मासिकाच्या बावीस वर्षं आधी. पण पुस्तक एकदा निघतं आणि गप्प बसतं. मासिक दर महिन्याला दारावर थाप मारतं: "या महिन्यात तुमच्याकडे काय झालं?" आपल्याकडे ही थाप मारणारं कोणी नव्हतं. म्हणून आपले उत्तम डाव ओसरीवरच राहिले आणि पट गुंडाळल्याबरोबर संपले. ज्यांच्याकडे मासिक होतं त्यांचा इतिहास झाला. ज्यांच्याकडे नुसता खेळ होता त्यांच्या दंतकथा झाल्या. गेली काही वर्षं मला हे फार टोचतं.

एकच उदाहरण पुढचं. १९२९ ते १९३३ चे 'ब्रिटिश चेस मॅगझिन'चे खंड मी क्रमानं वाचले. पंजाबातल्या एका जमीनदाराबरोबर, सर उमर हयात खान यांच्याबरोबर, मीर सुलतान खान नावाचा तरुण इंग्लंडात आला होता. तोही देशी पद्धतीत वाढलेला. १९२९ मध्ये तो ब्रिटनचा विजेता झाला, मग १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. हेस्टिंग्जला त्यानं कापाब्लांकाला हरवलं. १९३३ मध्ये त्याच सरदारांच्या घरातली फातिमा ब्रिटिश महिला विजेती झाली. आणि मग दोघंही मायदेशी परतले, आणि पुढच्या खंडांत सूचीतून सुलतान खानचं नाव विरत गेलं. तो खेळायचा थांबला की त्याच्यापर्यंत मासिक पोचायचं थांबलं? तो पंजाबातच राहिला, फाळणीनंतर पाकिस्तानचा नागरिक झाला आणि १९६६ मध्ये वारला. जागतिक संघटनेनं त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये.

पुस्तकात वाचलं तर ही गोष्ट एका पानाची. मासिकात वाचली तर ती महिन्यामहिन्यानं घडते, आणि संपादकाला पुढचं माहीत नसतं. जुलै १९१४ चा अंक काढणाऱ्याला तरी कुठे माहीत होतं, की त्याच महिन्यात मानहाइमला सुरू होणारी मोठी स्पर्धा ऑगस्ट उजाडताच महायुद्धामुळे बंद पडेल आणि अलेखिनसारखे रशियन खेळाडू जर्मनीत अटकेत पडतील? जुन्या अंकाचं मोल हेच. तो शहाणपणा नंतर उसना आणत नाही.

आमची लेक म्हणते, "बाबा, हे सगळं आता स्कॅन करून ठेवलेलं असतं. कपाट कशाला?" तिचं निम्मं बरोबर आहे. डाव वाचायचे तर फोनवर वाचावेत. पण स्कॅन करणारे बहुतेक वेळा बांधलेला खंड घेतात. म्हणजे बाइंडरनं जे फेकलं ते पुन्हा फेकलेलंच राहतं. हॅलिफॅक्सजवळच्या एका खेड्यात घर रिकामं करताना विकायला काढलेले काही खंड मी घेतले होते. १९३२ च्या खंडात एक पोस्टकार्ड निघालं. त्यावर पत्ता, तारीख, एक खेळी, आणि "बायको आता बरी आहे" एवढंच. टपालानं खेळला जाणारा डाव. तो कोणी जिंकला, कळायला मार्ग नाही. पण ते पोस्टकार्ड स्कॅन करताना कोणीतरी बाजूला झटकलं असतं, हे नक्की.

आणि कपाटाचं पुढे काय, हा प्रश्न मीही टाळत नाही. मोठ्या संग्राहकांनी त्याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. अमेरिकेत ओहायोमधल्या क्लीव्हलंडचे वकील जॉन ग्रिसवोल्ड व्हाइट १९२८ मध्ये वारले. त्यांचा संग्रह तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे आणि तो बुद्धिबळावरचा जगातला सर्वांत मोठा मानला जातो. हॅरल्ड मरे यांनी १९१३ मध्ये बुद्धिबळाचा जो प्रचंड इतिहास लिहिला, त्याला व्हाइट यांच्या पुस्तकांचा मोठा आधार होता. तिकडे राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांनी एकदा जाऊन पाहावं, गावातल्या गावात आहे. नेदरलँड्समधल्या मंडळींसाठी हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयातही असाच मोठा संग्रह आहे. माझी दोन कपाटं त्यांच्यापुढे किस झाडकी पत्ती. पण माझ्याकडे वेष्टनांसकट जे सुटे अंक आहेत, ते इथल्या एका ग्रंथालयानं ठेवून घ्यायची तयारी दाखवली आहे. खंड त्यांच्याकडे आहेतच. त्यांना हवी आहेत ती वेष्टनं.

हे ठरल्यावर मला आपल्या स्वतःच्या अंकाची आठवण झाली. मंडळाच्या कपाटात जाऊन पाहिलं. सुरुवातीच्या वर्षांतले, हातानं लिहून झेरॉक्स काढलेले अंक चार निघाले होते. कपाटात दोन आहेत. त्यानंतरच्या एका वर्षाचा अंक आहे, पण त्यातल्या मधल्या पानांचा पत्ता नाही. कोणीतरी हौसेनं सात वर्षांचे अंक बांधून घेतले आहेत आणि, ओळखलंत ना, जाहिराती काढून टाकल्या आहेत. त्या जाहिरातींत काय होतं ते जुन्या लोकांना आठवतं: शनिवारी व्हॅन घेऊन येऊन मेथी आणि शेपू विकणारे गृहस्थ, घरगुती चकल्यांची ऑर्डर घेणाऱ्या काकू, भारतातून येताना सामान आणून देणारे, पहिल्या गणपतीची मूर्ती करून देणारे. कथा-कविता दुसरीकडेही छापल्या जातील. त्या व्हॅनची नोंद जगात दुसरीकडे कुठेही नाही.

आपण इथे चाळीस-पन्नास वर्षांत काय खेळलो, कसे हरलो, कधी जिंकलो, ते कोणी बाहेरचा लिहून ठेवणार नाही. आपल्याला कॉक्रेन मिळेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

तेव्हा एक काम. दिवाळीची साफसफाई होईल तेव्हा लॉफ्टमधल्या खोक्यांत हात घाला. भारतातल्या आईवडिलांना, मावशी-आत्यांना विचारा. तुम्ही पहिली काही वर्षं कौतुकानं अंक तिकडे पाठवत होतात, आणि तिकडची माणसं आपल्यापेक्षा जास्त जपून ठेवतात. अंक फाटका असला तरी चालेल. पानांवर हिशेब केलेले असले, फोन नंबर लिहिलेले असले, लहान मुलानं रंग मारले असले तर अधिकच चालेल. फक्त जाहिराती फाडू नका आणि चिकटपट्टी लावू नका. कार्तिकी एकादशीच्या कार्यक्रमाला मी दाराशी एक खोकं घेऊन बसणार आहे. त्यात टाका.

आणि यंदाचा हा अंक वाचून झाला की वेष्टनासकट ठेवून द्या. सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.